राहूचा दोष की आमचा?

कुंभकोणमच्या पूर्वेस सहा-सात किलोमीटरांवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. केंद्र सरकारच्या नोकरीने आम्हांस या भागात आणून टाकले, त्याला आता चार वर्षे झाली. गाव लहान, घरभाडे बेताचे आणि कचेरीला जायला बस हमखास मिळते, एवढ्याच कारणाने आम्ही येथे बिऱ्हाड केले. पण गावाची कीर्ती आमच्या आधी आमच्या आप्तेष्टांना ठाऊक होती. येथील नागनाथस्वामींच्या देवळात राहूचे स्थान आहे. रोज राहूकाळात त्याच्या मूर्तीवर दुधाचा अभिषेक होतो आणि अंगावरून ओघळताना ते दूध निळसर दिसते, म्हणून दूरदूरची माणसे ते पाहायला येतात. ज्यांच्या मुलामुलींची लग्ने अडली आहेत, अशांची गर्दी त्यांत मोठी. रविवारी राहूकाळ साडेचार ते सहा. त्या वेळी तर देवळात पाय ठेवायला जागा नसते.

परिणाम असा झाला की, आम्ही साधे कारकून असूनही मराठी अधिकाऱ्यांच्या वर्तुळात एकाएकी महत्त्वाचे गृहस्थ होऊन बसलो. चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, दिल्ली, कुठून कुठून फोन येतात. ज्या साहेबांनी आमच्या नमस्काराकडे कधी मान वर करून पाहिले नाही, तेही 'अहो, जरा अभिषेकाची व्यवस्था होईल का?' असे आर्जवाने विचारतात. आम्ही तिकिटे काढून ठेवतो, पाहुण्यांना स्टेशनवर उतरवून घेतो. सौभाग्यवती पिठले-भात करतात. याचे आम्हांस ओझे वाटत नाही. परमुलखात मराठी बोलणारे माणूस घरी आले की दोन दिवस बरे जातात. शिवाय आम्ही नास्तिक नाही. देवळात गेलो की आमचेही हात जोडले जातात.

तरीही लेखणी उचलावीशी वाटली, ती एका प्रश्नामुळे. आलेल्या आईबापांना आम्ही सवयीने विचारतो, 'मुलीला कसे स्थळ हवे आहे?' उत्तर येते ते पत्रिकेचे, पोटजातीचे, पगाराचे आणि उंचीचे. 'ते तुमचे झाले, तिचे स्वतःचे काय म्हणणे?' असे पुन्हा विचारले, तर समोरची मंडळी चमकतात. 'तिला काय विचारायचे? आम्ही का तिचे वाईट करणार आहोत?' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, आता ते येण्याआधीच आमच्या कानांत वाजू लागते. मुलगी शेजारीच उभी असते. तिचे वय कधी सत्तावीस असते, कधी तीस; ती एखाद्या बँकेत किंवा कंपनीत जबाबदारीचे काम करीत असते. ती दुधाच्या निळ्या रंगाकडे पाहत राहते, बोलत नाही. कारण या विषयावर बोलायची तिला सवयच लावलेली नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. आमच्या मुलांची लग्ने अडतात किंवा होऊन बिनसतात, त्याचे खापर राहूच्या माथी मारणे हा त्या ग्रहावर अन्याय आहे. मूळ दोष आमच्या घरांतील मौनाचा आहे. जे पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलांशी बोलायला हवे होते, ते एकोणतिसाव्या वर्षी दुधाने भरून निघत नाही.

या मौनाचा एक बळी आम्ही स्वतः पाहिला. त्यात आमचाही हात होता, म्हणून तो सांगितलाच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातून एक अधिकारी सहकुटुंब आले होते. अभिषेक मोठ्या मुलीसाठी. बरोबर सतरा वर्षांचा धाकटा मुलगा होता, चुणचुणीत आणि थोडा लाजाळू. अभिषेक आटोपल्यावर त्यांना जवळच्याच ओप्पिलिअप्पन पेरुमाळच्या देवळात नेले. तेथे वडीलधारी मंडळी दर्शनाच्या रांगेत असताना तो मुलगा आमच्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, 'काका, एखादी मुलगी आवडली तर तिच्याशी बोलायचं कसं असतं?' प्रश्न किती सरळ होता! आणि आम्ही, पदवीधर, दोन मुलांचे बाप, मंडळाच्या वाचनालयातील निम्मी कपाटे वाचून काढलेले, त्याला काय उत्तर दिले? 'आधी परीक्षेचं बघ.' तो ओशाळून हसला आणि निघून गेला.

सहा महिन्यांनी त्याच्या वडिलांचा फोन आला. मुलाने वर्गातील एका मुलीला मोबाईलवर निरोपांमागून निरोप पाठविले होते. तिने प्रथम नको म्हणून कळविले, मग उत्तर देणेच सोडून दिले. याला वाटले, ती लाजत असेल. चित्रपटांतून तो तेवढेच शिकला होता. मग तो तिच्या शिकवणीच्या वाटेवर उभा राहू लागला. त्या मुलीने शिकवणीला जाणेच बंद केले. प्रकरण शाळेत गेले, पोलिसांच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन माघारी आले. हे सर्व सांगून गृहस्थ म्हणाले, 'त्याच्याही पत्रिकेत राहू बिघडलेला दिसतो. एक अभिषेक त्याच्या नावानं करून टाका.'

त्या मुलीचे वर्ष कोणी भरून द्यायचे, हे त्यांनी विचारले नाही. आम्हांस त्या रात्री झोप आली नाही. मुलगा वाईट नव्हता. त्याने योग्य वेळी, योग्य वाटलेल्या माणसाला विचारले होते. तिच्या 'नको'चा अर्थ नकोच असतो आणि गप्प राहणे हा होकार नसतो, एवढी दोन वाक्ये त्याला कोणी सांगितली असती, तर एका मुलीची भीती आणि एका मुलाची नामुष्की, दोन्ही टळल्या असत्या. ती दोन वाक्ये आम्ही सांगू शकत होतो.

हा प्रश्न ज्या देवळात विचारला गेला, त्या देवळाची कथा आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. तमिळ वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी हे एक क्षेत्र. कथा अशी की, मार्कंडेय ऋषींना तुळशीखाली एक कन्या सापडली, ती भूदेवी. ती वयात येते न येते तोच एक वृद्ध ब्राह्मण दारी आला आणि तिला मागणी घालू लागला. ऋषींनी सांगितले, 'मुलगी अजून लहान आहे. स्वयंपाकात मीठ किती घालायचे, हेही तिला कळत नाही.' म्हातारा म्हणाला, 'मग मी बिनमिठाचे जेवेन.' तो म्हातारा म्हणजे साक्षात विष्णू होता. विवाह झाला आणि देवाने शब्द पाळला. आजही तेथील नैवेद्य अळणी असतो, आणि मीठ घातलेला पदार्थ देवळात नेणे वर्ज्य आहे.

आमची मंडळी अळणी पोंगल तोंडात घालून 'चव नाही हो' म्हणत परत येतात. आम्हांस मात्र या कथेत आमच्या घरांवरचे दोन कडक ताशेरे दिसतात. पहिला असा की, मागणी आली तेव्हा मार्कंडेयांनी पंचांग उघडले नाही. 'माझी मुलगी तयार आहे का?' हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःस विचारला आणि उत्तर प्रामाणिकपणे दिले. दुसरा ताशेरा वरपक्षासाठी आहे. लग्नासाठी वराने स्वतःच्या रोजच्या ताटातील एक गोष्ट सोडली, आणि ती कायमची. आमचे चिरंजीव काय सोडायला तयार आहेत? सोडणे राहो, त्यांना स्वतःचा चहा तरी करता येतो काय? मुलीला मीठ कळत नाही ही उणीव आम्ही लगेच हेरतो. मुलाला काहीच कळत नाही, हे आम्हांस उणीव म्हणून दिसतही नाही.

आता कोणी म्हणेल, 'कथेतही मुलीला कोणी विचारले?' बरोबर आहे. आम्हांस जशी सांगितली, त्या कथेत तिचा आवाज ऐकू येत नाही. देवांच्या लग्नात ते खपले असेल. माणसांच्या लग्नात त्याची किंमत काय पडते, हे मराठी समाजाने पुरेपूर पाहिले आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली त्यांच्यावर मुंबईत दावा झाला, आणि १८८७ साली न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असे फर्मावले. बाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून अवघी बारा करायची, तर पुण्यात केवढा गदारोळ झाला! १८९९ साली देवलांनी 'शारदा' रंगभूमीवर आणले, तेव्हा म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी पाहून घराघरांतील माणसे डोळे पुसत घरी गेली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय चौदा ठरविले, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पंधरा, आणि १९७८ च्या दुरुस्तीने मुलीचे अठरा व मुलाचे एकवीस झाले. वय वाढविण्यात आम्हांस शंभर वर्षे लागली. त्या वाढलेल्या वयात मुलांशी काय बोलावे, हे मात्र आम्ही ठरविलेच नाही.

ज्यांनी बोलण्याचा प्रयत्न केला, त्यांची वाट आम्ही सुखाची होऊ दिली नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले, आणि त्याबद्दल अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे होते, एवढे सांगितले तरी प्रश्नाचे मोल कळावे. पुढे किशोरवयीन मुलांसाठी शाळांतून शिक्षणक्रम आला, तर २००७ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो रोखून धरला. याउलट वसईच्या मराठी ख्रिस्ती बांधवांकडे पाहावे. त्यांच्यात लग्नापूर्वी वधूवरांना चर्चचा तयारीचा वर्ग करावा लागतो. आम्ही मात्र मुलाला सावध करतो ते अंतरपाट धरल्यावर, मंगलाष्टकांच्या शेवटी. 'सावधान' ऐकून मांडवातून पळण्याइतकी चपळाई समर्थांजवळ होती, अशी आख्यायिका आहे. सामान्य वराला एवढ्या उशिरा सावध करून उपयोग काय?

आम्हां बदलीवाल्यांचा अपराध तर दुप्पट आहे. १९६३ पासून केंद्रीय विद्यालये आहेत, ती आमच्याच मुलांसाठी निघाली. त्यांत आमची मुले तमिळ, पंजाबी, बंगाली, मल्याळी मुलांच्या मांडीला मांडी लावून वाढतात. दर चार वर्षांनी गाव बदलते, मैत्री तुटते, भाषा बदलते. पंचविसावे लागले की आम्ही त्यांना एकाएकी सांगतो की, जोडीदार मात्र आपल्याच पोटजातीचा, आपल्याच जिल्ह्याचा, जमल्यास आपल्याच तालुक्याचा हवा. ज्या तालुक्यात त्या मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीपलीकडे पाऊल ठेवलेले नाही! जग त्यांना आम्हीच दाखविले, आणि निवडीच्या वेळी खिडकी लावून घेणारेही आम्हीच.

यावर ठरलेले आक्षेप आहेत. पहिला आक्षेप, 'असल्या गोष्टी बोलून मुले बिघडतात.' आम्ही विचारतो, न बोलल्याने ती सुधारली आहेत काय? 'डेटिंग' हा शब्द घरात उच्चारण्याची आम्हांस लाज वाटते, म्हणून तो मुलांच्या कानी पडायचा राहिलेला नाही. तो मोबाईलमधून आला आहे आणि अर्धवट अर्थाने आला आहे. मुलगा आणि मुलगी चार लोकांत भेटतात, बोलतात, एकमेकांचा स्वभाव पारखतात, यात पाप काहीच नाही. पाप असेल तर ते फसवणुकीत, जबरदस्तीत आणि चोरून काढलेल्या छायाचित्रांत आहे. हा भेद आईबापांनी सांगायचा नाही तर कोणी सांगायचा?

दुसरा आक्षेप अधिक आदराने ऐकण्यासारखा आहे. 'परमुलखात आपली भाषा, आपले सण, आपली रीत टिकवायची, तर लग्न आपल्यातच व्हायला नको काय?' ही तळमळ आम्हांस कळते. आमचीही मुले शाळेत तमिळ बोलतात आणि घरी आमच्या मराठीला हसतात. पण ज्या मुलखात आम्ही बसलो आहोत, त्याचा इतिहास काय सांगतो? तंजावरास मराठ्यांचे राज्य सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत होते. तेथील शहाजीराजांनी, म्हणजे शिवरायांच्या पुतण्याने, मराठी नाटके रचली, त्यांतील एकाचे नाव 'लक्ष्मीनारायण कल्याण'. कल्याण म्हणजे तमिळात लग्न. मराठी नाटकाच्या आरंभकाळातील हे शीर्षक तमिळ शब्दाचा हात धरून उभे आहे, आणि त्यामुळे मराठी बाटली नाही. भाषा टिकते ती घरात बोलल्याने. जिच्याशी मन मिळत नाही अशी मराठी सून आणली, तर घरात मराठीतून भांडणे तेवढी टिकतील.

तिसरा आक्षेप, 'कायदा वडिलांच्या बाजूने आहे.' हा तर निव्वळ गैरसमज. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांची निवड केली, तर त्याला कुटुंबाची वा जातीची संमती लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले आहे. आंतरधर्मीय वा नोंदणी विवाहासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्याला तीस दिवसांची नोटीस लागते. आणि येथे तमिळ भूमीत १९६७ च्या दुरुस्तीने एक फार सुंदर गोष्ट केली. मित्र-नातेवाइकांसमोर, दोघांना समजणाऱ्या भाषेत, 'मी तुला पत्नी मानतो', 'मी तुला पती मानते' असे म्हणून हार घातला, अंगठी घातली किंवा ताली बांधली, तरी हिंदू विवाह सिद्ध होतो. दोघांना समजणारी भाषा! आमच्याकडे लग्नात बोलली जाणारी भाषा वधूवरांना समजत नाही, आणि जी समजते ती त्यांच्याशी कोणी बोलत नाही.

मग बोलायचे काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे सोळा वर्षांच्या मुलामुलीला पुढील गोष्टी साध्या मराठीत सांगाव्यात. कोणी आवडणे हे या वयाचे लक्षण आहे. त्याची लाज नको आणि घाईही नको. आवडल्याचे एकदा, नीट, सभ्यपणे सांगावे. 'नको' आले की तेथे थांबावे. नको म्हटल्यावरही पाठपुरावा करणे हा २०१३ पासून फौजदारी गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीशी शरीरसंबंध हा २०१२ च्या कायद्याने गुन्हा आहे, तिची संमती असली तरी. हे प्रेमात पडलेल्या पोरांना ठाऊक नसते आणि पोलीस ठाण्यात कळते. स्वतःची खाजगी छायाचित्रे कोणालाही पाठवू नयेत, आणि कोणी विश्वासाने पाठविलेली पुढे धाडू नयेत. जो जोडीदार कपडे, मैत्रिणी, फोन यांवर पहारा बसवितो, त्याचा तो पहारा म्हणजे प्रेम असे समजू नये. आणि काही चुकलेच, तर सर्वांत आधी घरी येऊन सांगावे. हे शेवटचे वाक्य आईबापांनी खरे करून दाखवावे लागेल.

लग्नाचे वय झाल्यावर प्रश्न बदलतात. पगार कोणाच्या हाती राहील? दोघांचे आईवडील थकले तर कोणाकडे? मूल केव्हा, किती? स्वयंपाक कोण करणार, आणि बदली झाली तर नोकरी कोण सोडणार? रक्ततपासणी करून घ्यायला कोणाची हरकत आहे काय? दोघेही थॅलसेमियाचे वाहक निघाले, तर त्याचे दुःख पुढच्या पिढीला सोसावे लागते. छत्तीस गुण जुळले तरी ते टळत नाही. हुंडा १९६१ पासून बेकायदा आहे, तरी तो 'हौस' या नावाने मांडवात येतोच. त्याला मुलाने स्वतः, आपल्या तोंडाने नाही म्हणायचे आहे. हे प्रश्न कांदेपोह्यांच्या दहा मिनिटांत उरकत नाहीत. त्यासाठी चार-सहा भेटी लागतात, मोकळ्या लागतात, आणि त्यानंतर 'नाही' म्हणण्याची मुभा लागते.

आमचेच उदाहरण घ्या. आमचे लग्न कांदेपोह्यांवर ठरले. आम्ही वधूला एकच प्रश्न विचारला, 'परमुलखात राहावे लागेल, चालेल ना?' ती 'हो' म्हणाली. हा लेख लिहिताना आम्ही त्या 'हो'चा अर्थ प्रथमच विचारला. त्या म्हणाल्या, 'परमुलूख म्हणजे इंदूर, फार तर हैदराबाद, असं मला वाटलं होतं. आणि नाही म्हटलं असतं, तर बाबांनी काय केलं असतं?' येथे आल्यावर पहिले वर्षभर त्यांनी भाजीवाल्याशी बोटांनी व्यवहार केला. अक्षर कळत नव्हते म्हणून बसही कोणाला तरी विचारून धरावी लागे. आमचा संसार सुखाचा झाला, ही त्यांच्या सोशिकपणाची पुण्याई. सर्वांनी तेवढ्या पुण्याईवर विसंबू नये.

आमची सूचना लहानशी आहे. ठिकठिकाणच्या महाराष्ट्र मंडळांतून गणेशोत्सवात पाककलेची स्पर्धा होते, रांगोळीची होते. यंदा एक तास पंधरा वर्षांवरील मुलामुलींसाठी ठेवावा. एक डॉक्टर, एक वकील आणि संसाराचे चटके खाल्लेले एखादे प्रामाणिक जोडपे समोर बसवावे, आणि मुलांनी चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून द्यावेत. आईबापांनी त्या तासाला बाहेर चहा घ्यावा. पाककलेच्या स्पर्धेत मात्र मुलग्यांनाही उतरवावे. मीठ किती घालायचे ते त्यांनाही कळू दे.

तो मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. त्याला आम्ही गेल्या महिन्यात पत्र लिहिले आणि दोन वर्षांपूर्वी न दिलेले उत्तर दिले. त्याने चार ओळी परत लिहिल्या. त्यांत एक ओळ अशी होती की, त्याने त्या मुलीची, तिला पुन्हा त्रास होऊ नये म्हणून, तिच्या वर्गशिक्षकांमार्फत क्षमा मागितली आहे.

बांधवहो, राहूकाळासाठी कोणास यायचे असेल, तर अवश्य यावे. आमचे बिऱ्हाड तेथेच आहे. तिकीट आम्ही काढून ठेवू, पिठले-भातही होईल. निघण्यापूर्वी मात्र घरात मुलीला किंवा मुलाला समोर बसवून, 'तुला काय हवे?' एवढे विचारावे, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये.